तिघांचा डाव

आमच्या भाषेत रविवारला वाशारनाप म्हणतात.
वाशार म्हणजे बाजार, नाप म्हणजे दिवस.
नावातच लिहिलंय, तक्रार कुणाकडे करणार?
असं बालिंत म्हणतो.
पण बालिंत काहीही म्हणतो.

मी काउंटर नंबर चारवर, मिश्कोल्त्समध्ये, ट्रामच्या वळणाशी.
एनिक्यो बुटांच्या दुकानात,
दिवसभर परक्या पायांपाशी वाकलेली.
बालिंत रंगाच्या गोदामात. त्याच्या नखांत कायम
कुणाच्या तरी बैठकीची भिंत.

सुट्टी तिघांनाही होती, खोटं कशाला बोलू.
माझी मंगळवारी, तिची गुरुवारी,
त्याची चहाच्या मशीनवर कागद चिकटला की कळायची.
मंगळवारी मी कपडे वाळत घालायचे
आणि दोरीवरच्या बाह्यांशी बोलायचे.

मग एक वर्ष आलं.
कायद्यानेच शटर ओढलं, दर रविवारी.
पहिल्या रविवारी सवयीने पाचला उठले,
युनिफॉर्मची दोन बटणं लावली आणि आठवलं.
तशीच झोपले, दोन बटणं लावून.

आईने कोंबडीचं सूप ठेवलं होतं, मंद आचेवर, तीन तास.
तीन तास!
एकट्या जिवासाठी मंगळवारी कोण शिजवतं एवढं?
जेवण झालं, ताटं तशीच राहिली,
आणि बाबांचे पत्ते ड्रॉवरमधून बाहेर आले.

आमच्याकडच्या चार एक्क्यांवर चार ऋतू असतात.
हिवाळ्याच्या एक्क्याचा कोपरा बालिंतने
चार वर्षांचा असताना चावला होता,
त्यामुळे हिवाळा कुणाच्या हातात आहे
हे सगळ्यांना कळतं, आणि कुणीच बोलत नाही.
खेळ उल्तीचा. त्याला तीन माणसं लागतात,
दोघं नकोत, चौघं नकोत.
एकाने बोली लावायची, दोघांनी मिळून त्याला पाडायचं.
एनिक्यो पानं लपवायला शिकली नाही ती नाहीच.
बाबा गेल्यापासून आम्ही तिघं
एका टेबलाला कधी बसलोच नव्हतो,
हे पिसता पिसता लक्षात आलं.
मी म्हटलं काही नाही. पानं वाटली.

पुण्यात्मा नाही मी.
जुलैतल्या एका रविवारी मोहरी संपली,
पाहुणे दारात,
आणि कुठल्याशा बंद दुकानापुढे उभी राहून
मी ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.
काचेत एक बाई दिसली, हातात रिकामी पिशवी, कपाळाला आठ्या.
रोज बघते हिला मी,
काउंटरच्या पलीकडून.

वर्ष संपलं, कायदा गेला.
लोक खूश होते. आमच्यातलेही काही;
रविवारचे जास्तीचे पैसे कुणाला कडू लागतात?
दारं उघडल्यावर पहिली आली म्हातारी व्हिल्मा,
एक लिंबू घेऊन. दर रविवारी एकच लिंबू,
वजनाला मिनिट, गप्पांना दहा.
“वर्ष फार लांबलं गं,” ती म्हणाली,
“रविवारी माझ्याशी बोलायला कुणी नसतं.”
तिच्यामागे सहा जण उभे होते.
काय बोलणार? मी लिंबू तराजूवर ठेवलं
आणि आकडा स्थिर झाला तरी
थोडा वेळ तसंच राहू दिलं.

आता पुन्हा माझा मंगळवार.
आईकडे जाते. पावाबरोबर कालचं काहीतरी खातो.
मग ती पत्ते काढते, मी नको म्हणत असताना.
बत्तीस पानं. आई एनिक्योच्या खुर्चीत बसते,
तिच्यासारखीच पानं उघडी धरते.
तिसऱ्या खुर्चीपुढे बालिंतचा वाटा, पालथा.
“त्याची बोली काय असेल?” आई विचारते.

मी बघते.
वरून तिसऱ्या पानाचा कोपरा नाही.